दोन ओट्यांना एक रंग

शहापुरात अजूनही कुणी घर रंगवायला काढलं, की मला बघायला बोलावतात. मी आता शिडीवर चढत नाही. अंगणात खुर्ची टाकतात, चहा देतात आणि विचारतात, "नारायणदादा, कुठला रंग शोभेल?" मग घरातले सगळे एकदम बोलू लागतात. मुलाला गुलाबी हवा असतो, सुनेला आकाशी, आणि म्हातारा म्हणतो, चुना फासा आणि मोकळे व्हा. मी चहा संपेपर्यंत गप्प बसतो. तेवढ्यात कोणाचं चालतं आणि कोणाचं चालत नाही ते कळतं. रंगाइतकंच तेही कळावं लागतं.

घर रंगवायचं म्हटलं की लोक रंगाच्या पुडीकडे बघतात. मी आधी छपराकडे बघायचो. आपल्या भागातली कौलं तांबडी, पण दोन पावसाळे खाल्ले की त्यांच्यावर शेवाळ धरतं आणि ती काळपट होतात. अंगण शेणानं सारवलेलं, म्हणजे हिरवट तपकिरी. मागे साग किंवा आंबा, त्याच्याही मागे डोंगर. हे सगळे रंग त्या घराला आधीच लागलेले असतात. ते कोणाला पुसता येत नाहीत. आपण फक्त भिंत, जोतं आणि लाकूड एवढंच रंगवणार. तेव्हा ते तिन्ही एकमेकांना आणि त्या आधीच्या रंगांना धरून असले पाहिजेत. जोत्यावर पावसाचे शिंतोडे उडतात, चिखल लागतो, म्हणून तिथे गेरू बरा. भिंत फिकी असली की ओटी उजळते. दार-खिडक्यांचं लाकूड भिंतीपेक्षा गडद असावं, म्हणजे पाहुण्याला लांबूनच दार दिसतं.

त्या काळी आमच्याकडे डब्यातला तयार रंग फक्त लाकडासाठी. भिंतीला चुनाच. कल्याणच्या खाडीतल्या शिंपल्यांचा भाजलेला चुना आणायचा, पिंपात भिजत घालायचा, तो खदखदून निवला की फडक्यातून गाळायचा. त्यात डिंकाचं पाणी. रंग हवा असेल तर पिवडीची पिवळी माती, गेरू नाहीतर नीळ. वाखाच्या कुंच्यानं एक हात आडवा, एक उभा. पण ओल्या चुन्यात रंग गडद दिसतो आणि वाळला की पार फिका पडतो. त्यामुळे गिऱ्हाईक पहिल्या दिवशी घाबरतं आणि दुसऱ्या दिवशी हिरमुसतं. आसनगावच्या एका दुकानदाराला मी हे दहा वेळा समजावलं होतं. तरी तो कुंच्यामागून चालत "अजून पिवडी घाल, अजून घाल" करत राहिला. शेवटी त्याचं दुकान हळदीच्या नवरदेवासारखं दिसू लागलं, आणि तो खूश झाला. अशी गिऱ्हाइकं आवडायची मला. स्वतःला काय हवं ते त्यांना पक्कं ठाऊक असायचं.

मला सांगायचं आहे ते मात्र टोकावड्याजवळच्या एका घराबद्दल. मोठी लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. बाजारात कुठलीच वस्तू धड मिळत नव्हती. मुरबाडहून टोकावड्याकडे जाणारी मोटार पेट्रोलऐवजी कोळशाच्या धुरावर चालायची. चढ आला की आम्ही उतरून चालायचो आणि वर जाऊन तिची वाट बघायचो.

धोंडू नावाच्या शेतकऱ्याचा निरोप आला होता. थोरली मुलगी यमुना हिचं लग्न ठरत आलं होतं. मुलाकडची माणसं किन्हवलीकडून साखरपुड्याला येणार होती, त्याआधी घराला रंग हवा होता. मी कुंचे, फडकी आणि पुड्या घेऊन पोहोचलो आणि अंगणात थबकलोच.

घर चांगलं लांबरुंद होतं. पूर्वेला तोंड, पुढे या टोकापासून त्या टोकापर्यंत ओटी. पण त्या ओटीच्या बरोबर मधोमध एक भिंत उभी होती. घरातून निघून, ओटी कापून, थेट जोत्याच्या कडेपर्यंत आलेली. भिंतीच्या दोन्ही बाजूंना सारखी दारं, सारख्या पायऱ्या. एका ओटीवर धोंडूचा भाताचा कणगा, दुसरीवर एक रिकामी बाज.

"ही माजी बाजू," धोंडू उजवीकडे हात करून म्हणाला. "इथपातुर रंग मारायचा. भिंतीच्या पल्याड थेंब उडता नये."

"आणि तिकडे?"

"तिकडं धाकटा हाय. त्याचं तो बगंल."

मी म्हटलं, "धोंडूदादा, न्हाव्यानं अर्धीच दाढी केल्यासारखं दिसंल घर."

"दिसू दे," तो म्हणाला. "अर्दाच गाल माजा हाय."

पन्नाशीच्या आसपासचा, उंच, वाकायला तयार नसलेला माणूस. त्याला पांढरी भिंत, गेरूचं जोतं आणि डांबर लावलेली काळी दारं हवी होती. त्याच्या बापाच्या वेळी घर तसंच होतं.

भांडण कशाचं ते मला धोंडूची बायको सखूबाई हिनं दुपारी भाकरी वाढताना सांगितलं. जमिनीचं नव्हतं, पैशाचंही नव्हतं. सासरे आजारी पडले, पोट फुगलं, अन्न जाईना. धाकटा दीर गोविंद कल्याणला भाताच्या गिरणीत मिस्त्री होता. तो म्हणाला, आबांना मुंबईच्या इस्पितळात नेऊ. धोंडू म्हणाला, मुंबईला गेलेलं माणूस चार खांद्यांवरही घरी येत नाही, इथल्याच वैद्याचं औषध चालू दे. थोरल्याचा शब्द राहिला. आबा गेले. तेराव्याला गोविंद सगळ्या भावकीसमोर म्हणाला, "माजा बाप तू मारलास." त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. वाटणी झाली, भिंत उठली.

"आनी पोर?" सखूबाई म्हणाली, आणि तिचा हात परातीतच थांबला. "यमी माज्या पोटची, पर वाडवली जानकीनं. माज्या जावंनं. यमी झाली तवा मी खाटंला खिळले. जानकीला मूलबाळ नाय. तिनं पोरीला रातध्याड छातीशी धरली. गोविंदभावजी तिला खांद्यावर घेऊन बाजाराला न्यायचे. भित झाली तवापून पोरीनं तिकडं जायचं नाय, अशी ताकीद हाय. आता लगीन होऊन जाईल, आनी काकी भितीआडून वाजंत्री ऐकंल."

मी भाकरी मोडत राहिलो. रंगाऱ्यानं घरच्या गोष्टीत बोलू नये, असं आमच्या धंद्यात पाळतात.

दुसऱ्या दिवशी मी भिंती खरवडत होतो तेव्हा पलीकडच्या ओटीवर जानकी आली. सावळी, बारीक, बोलताना खाली बघणारी. तिनं पाण्याचा तांब्या मधल्या भिंतीच्या टोकाशी, जोत्याच्या कडेला ठेवला आणि आत गेली. मी प्यायलो. मग रोज तो तांब्या तिथे असायचा.

त्याच आठवड्यात गोविंद सुट्टीवर आला. मोटारीतून उतरून अंगणात आला, आणि माझी शिडी बघून उभा राहिला. धोंडू आपल्या ओटीवर सुपात भात पाखडत बसला होता. दोघांमध्ये दहा हातांचं अंतर. पुढचं सगळं बोलणं माझ्यामार्फत झालं.

"रंगारीदादा," गोविंद म्हणाला, "माजी बाजूबी रंगवायची. आकाशी भित आनी हिरवी दारं. कल्याणला साहेबांच्या बंगल्यांना असतात तशी."

धोंडू सुपातून मान वर न करता म्हणाला, "नारायणदादा, त्येला सांग, बंगल्यात राहायचं तर कल्याणलाच राहा म्हनावं."

"रंगारीदादा, त्यांना सांगा, काळी दारं मढं निघालेल्या घराला असतात."

"त्येला सांग, ती आबांनी लावलेली हुती."

गोविंद पिशवी उचलून आत गेला. मी शिडीवर कुंचा हातात धरून तसाच. एका बाजूला पांढरा, तांबडा, काळा. दुसऱ्या बाजूला आकाशी आणि हिरवा. कौलांखाली हे पाच रंग एकमेकांशेजारी मला डोळ्यांपुढे दिसले. एवढं वाईट घर मी आजवर कोणाचं रंगवलं नव्हतं.

गोविंद परत कल्याणला गेला त्या दुपारी सखूबाईनं मला गोठ्यामागे बोलावलं. धोंडू शेतावर होता. गोठ्याच्या मागच्या भिंतीशी जानकीही उभी होती. तेव्हा मला कळलं, की दोघी जावा रोज विहिरीवर भेटत, बोलत. भिंतीनं फक्त पुरुष अडले होते.

"दादा," सखूबाई म्हणाली, "घराला एकच रंग मारा."

"दोघांनी वेगळे सांगितलेत, वहिनी."

"म्हनून तर तुमाला बोलावलं. सोयरे येतील ते काय बगतील? इकडं काळं, तिकडं निळं. आमच्या घरातली फूट अंगनात टांगल्यागत. पोरीला उद्या सासरी ऐकावं लागंल."

जानकी पहिल्यांदाच बोलली. "असा रंग काय हाय, की तेंना वाटंल आपला हाय, आनी ह्यांनाबी वाटंल आपला हाय?"

इतक्या वर्षांत कोणी मला एवढा नेमका प्रश्न विचारला नव्हता. मी म्हटलं, बघू या. गोठ्याच्या त्या भिंतीवर मी हातभर लांबीचे पट्टे ओढले. एक नुसता चुना. एक निळीचा. एक पिवडीचा, कमी घातलेला, एक जास्त. खाली सगळ्यांना गेरूची एक आडवी रेघ. म्हटलं, वाळू दे, ओल्यावर जाऊ नका, उद्या बघू.

दुसऱ्या दिवशी दोघी आल्या, यमुनाही आली. पांढरा पट्टा उन्हात डोळ्यांत जात होता आणि खालचा गेरू त्याच्याखाली रक्तासारखा दिसत होता. निळीचा पट्टा गेरूशी भांडत होता. फिक्या पिवडीचा पट्टा मात्र गेरूवर असा बसला होता, जसा भाताच्या पेंढ्याचा रंग शेतातल्या मातीवर बसतो.

"ह्यो," जानकी म्हणाली.

"दाराला?" मी विचारलं.

सखूबाईनं आपल्या गडद हिरव्या लुगड्याचा पदर सोडवला आणि पट्ट्याशेजारी भिंतीला लावून धरला. तिघीही मागे सरून बघू लागल्या. यमुना हळूच म्हणाली, "आपल्या आंब्यागत दिसतंय, गो आये."

पुढचा बेत त्यांचा. जोतं गेरूचं, म्हणजे थोरल्याचं चाललं. दारं हिरवी, म्हणजे धाकट्याचं चाललं. राहिली निळी भिंत आणि काळी दारं. त्यांचं काय करायचं ते सखूबाईनं आधीच ठरवलं होतं. "लढाई हाय ना!" ती म्हणाली. "रॉकेल नाय, कापड नाय. नीळ नाय आनी डांबर नाय म्हनून सांगा."

हे अगदीच खोटं नव्हतं. नीळ बाहेरून यायची, ती बाजारातून जवळजवळ नाहीशी झाली होती. डांबरही दिसत नव्हतं. हिरव्या तेलरंगाचा एक डबा मुरबाडच्या एका दुकानात मिळाला, तोही दुकानदारानं मागच्या फळीवरून शोधून काढला. जवसाच्या तेलानं तो वाढवला तर दोन्ही दारं होणार होती. पिवडी आणि गेरू आपल्याच मातीतले, त्यांना लढाईशी काही देणंघेणं नव्हतं.

धोंडूला मी सांगितलं, डांबर नाही, दारं हिरवी करावी लागतील, आणि नुसता चुना गेरूवर डोळ्यांत जातो, म्हणून त्यात थोडी पिवडी घालतो. तो कुरकुरला, पण जोतं गेरूचं होतंय म्हटल्यावर गप्प बसला. गोविंदला जानकीनं निरोप धाडला, नीळ नाही, दारं मात्र तुमच्या मनासारखी.

मी एका बाजूनं काम सुरू केलं. धोंडू उजाडताच शेतावर जायचा आणि परतल्यावर आपल्याच ओटीपुरतं बघायचा. पलीकडे मान वळवायची नाही, ही त्याची सवय आमच्या उपयोगी पडली. पिवडीचे दोन हात झाले, वाळले. दारं हिरवी झाली. शेवटी जोत्याचा गेरू उरला. तो मी उजव्या टोकापासून ओढत आलो, मधल्या भिंतीशी पोहोचलो आणि न थांबता पुढे गेलो. जोतं एकच होतं. ते थोरल्या-धाकट्याच्या बापानं एका दमात बांधलं होतं.

त्याच वेळी धोंडू बैल घेऊन अंगणात आला. त्यानं घर समोरून, लांबून बघितलं. असं समोरून त्यानं ते कित्येक दिवसांत बघितलं नसावं. तो बघतच राहिला. मग त्याचा चेहरा बदलला.

"थांब," तो ओरडला. "ह्यो पट्टा फुडं कसा गेला?"

मी कुंचा खाली ठेवला.

"तिकडची भितबी पिवळी? दारंबी तीच? कुनी सांगितलं तुला?"

मी उत्तर देण्याआधीच सखूबाई दारात आली. "मी सांगितलं."

"आनी मी," पलीकडच्या ओटीवरून जानकी म्हणाली. थोरल्या दिरापुढे ती कधी तोंड उघडत नसे. ती डोक्यावरचा पदर पुढे ओढून, खांबाला धरून उभी होती, पण हलली नाही.

बैलाचा कासरा धोंडूच्या हातात तसाच होता. त्यानं मधल्या भिंतीच्या टोकाकडे बोट केलं. "त्या भितीच्या तोंडाला काळा पट्टा वड. काजळी घाल, कोळसा घाल, काय घालायचं ते घाल. वरपून खालपातुर. कुनाचं कुठं संपतं ते दिसलं पायजे."

सखूबाई पायऱ्या उतरली. माझ्या आणि त्या भिंतीच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"आदी माज्या तोंडाला काळं फासा," ती नवऱ्याला म्हणाली, "मंग भितीला फासा."

तिचा आवाज चढला नव्हता. बैलांच्या गळ्यातल्या घंटा तेवढ्या वाजत होत्या. धोंडूनं तिच्याकडे बघितलं, मग भिंतीकडे, मग पुन्हा तिच्याकडे. नंतर बैल वळवून तो आला तसा निघून गेला. मी सखूबाईला विचारलं, "काय करू?" ती म्हणाली, "राहिलाय तेवडा गेरू वडून घ्या." तिचे हात मात्र लुगड्यात लपलेले होते.

साखरपुड्याच्या आदल्या संध्याकाळी गोविंद आला. निळीच्या निरोपानंतर जानकीनं फक्त एवढंच कळवलं होतं, की यमीचे सोयरे येणार आहेत. मी दाराच्या चौकटीला शेवटचा हात देत होतो. तो अंगणात उभा राहिला. निळीबद्दल तक्रार करील असं मला वाटलं होतं. पण तो म्हणाला, "आबा असते तर..." आणि पुढचं वाक्य त्यानं गिळलं. जोत्यावर हात टेकायला गेला, गेरू ओला असेल म्हणून मागे घेतला.

दुसऱ्या दिवशी दार अजून किंचित चिकट होतं, म्हणून लोकांना सावध करायला मी थांबलो होतो. सोयऱ्यांच्या दोन गाड्या आल्या. मुलाचा बाप, त्याचे भाऊ, दोन बायका. गाडीवाल्यानं बैल डाव्या हाताला आंब्याखाली सोडले. तिथून जवळ पडतात त्या गोविंदच्या पायऱ्या. दोन्ही ओट्या सारख्या, दारं सारखी, जोतं एकसंध. त्यांना कसं कळावं? मुलाचा बाप सरळ गोविंदच्या पायऱ्या चढला.

गोविंद दारातच होता. उजव्या ओटीवर धोंडू धुतलेलं धोतर नेसून, फेटा बांधून बसला होता. त्याच्याशेजारी घोंगडी अंथरलेली, पानाचं तबक तयार. पाहुणे पलीकडे चढलेले बघून तो उठून उभा राहिला.

मला वाटलं, आता गोविंद म्हणेल, शेजारचं दार. एवढंच म्हणायचं होतं. जानकी आतून बघत होती, तिनं डोळे मिटून घेतले.

"या, या," गोविंद म्हणाला. "बसा. उन्हाचे आलात. जानके, पानी आन."

बाजेवर घोंगडी पडली. पाय धुवायला घंगाळ आलं. मुलाचा बाप बसता बसता घराकडे बघून म्हणाला, "घर झाक ठेवलंत. लांबून बगूनच बरं वाटलं."

"घर दादानं ठेवलंय," गोविंद म्हणाला. "मी धाकला. दादा येतोच हाय."

धोंडूनं ते ऐकलं. मी अंगणात त्याच्या समोरच उभा होतो, म्हणून मला त्याचा चेहरा दिसला. त्यानं फेटा उगाच सारखा केला. आपल्या पायऱ्या उतरला. भावाच्या पायऱ्यांशी आला आणि क्षणभर थांबला. मग वर चढून पाहुण्यांना रामराम केला आणि बाजेच्या कडेला बसला. सखूबाई मागच्या दारानं जानकीच्या स्वयंपाकघरात पोहोचली होती. आतून दोघींच्या बांगड्यांचे आवाज येऊ लागले. यमुनाचा साखरपुडा काकाच्या ओटीवर झाला.

पान खाताना मुलाच्या बापाचं लक्ष मधल्या भिंतीकडे गेलं. सरळ मनाचा माणूस. त्यानं विचारलं, "ओटीत भित कशाला वो घातलीत?"

गोविंद तबकातली सुपारी बोटानं फिरवत राहिला.

"आडोसा हाय," धोंडू म्हणाला. "चुली दोन हायत. घर येकच हाय."

वैशाखात लग्न लागलं. मला आमंत्रण होतं. मांडव दोन्ही ओट्यांच्या पुढे पसरला होता आणि त्याचे खांब गोविंदनं स्वतः रोवले होते. लोक म्हणत होते, भाऊ एक झाले. पण तसं ते नव्हतं. मी सकाळपासून बघत होतो. मांडवात दोघं शेजारून जात, कामं करत, पण एकमेकांशी शब्द नाही. "त्येला सांगा दोर घट कर," आणि "त्यांना सांगा केलाय," असंच चाललं होतं.

कन्यादानाची वेळ आली. भटजींनी पाट मांडले आणि मुलीच्या आईबापांना हाक मारली. धोंडू सोवळं नेसून तयार होता. तो पाटापर्यंत आला आणि उभाच राहिला. भटजी म्हणाले, "बसा, मुहूर्त जातोय." धोंडूनं वळून मांडवभर नजर फिरवली. गोविंद पार मागे, पाण्याच्या पिंपाशी उभा होता.

"गोविंदा," धोंडूनं हाक मारली.

कैक वर्षांनी त्यानं ते नाव घेतलं होतं. गोविंदनं इकडेतिकडे बघितलं, जणू दुसऱ्याच कुणा गोविंदाला बोलावलंय.

"हिकडं ये. पाटावर तू बस. तू आनी जानकी."

गोविंद पुढे आला. "दादा, तू असताना मी कसा बसू? तू बाप हायस तिचा."

"आबांना तू न्हेतो म्हनत हुतास," धोंडू म्हणाला. मांडवातली माणसं ऐकत होती, त्याची त्याला पर्वा नव्हती. "मी न्हेऊ दिलं नाय. न्हेलं असतं तर वाचले असते का, मला ठावं नाय. पर तुज्या हातनं कायतरी झालं असतं. ते मी होऊ दिलं नाय. हे तरी तुज्या हातनं होऊ दे."

जानकी बायकांच्या घोळक्यात मागे सरकत होती. सखूबाईनं तिला मनगटाला धरून ओढत आणलं, पाटावर बसवलं, तिचा पदर गोविंदच्या उपरण्याला स्वतः बांधला आणि मग तोंडावर हात धरून बाजूला झाली. यमुनेनं खाली घातलेली मान वर केली. काका-काकी समोर बसलेले बघून तिच्या कपाळावरच्या मुंडावळ्या हलू लागल्या.

भटजींनी गोविंदच्या ओंजळीत पाणी सोडलं आणि संकल्पासाठी नाव विचारलं. गोविंदनं तोंड उघडलं. ओठ हलले, पण आवाज फुटेना. भटजींनी पुन्हा विचारलं.

तेव्हा धोंडूनं मागून वाकून भावाच्या पाठीवर हात ठेवला.

"गोविंद," तो भटजींना म्हणाला. "माजा भाव."